लाउंजच्या दारातला यजमान

माझ्या बाबांना आयुष्यात एकदाच कुणीतरी तोंडावर 'गेस्ट' म्हटलं, आणि तेही त्यांच्या स्वतःच्या गावात. म्हणणारी मुलगी बिचारी पोटासाठी नोकरी करत होती, तिला मी आज दोष देत नाही. त्या दिवशी दिला होता. त्या दिवशी मी बऱ्याच जणांना दोष दिला, आवाज चढवून दिला, आणि त्या आरडाओरड्यातून बाबांच्या पोटात एक घासही गेला नाही.

आमचं गाव म्हणजे आताचं विमानतळ. हे कुणाला सांगायची वेळ आली की माझं डोकं फिरतं, कारण समोरचा लगेच विचारतो, "मग घबाड मिळालं असेल की!" डोंगर होता तो सुरुंग लावून सपाट केला. नदी होती ती वळवून दुसरीकडून नेली. खाडीत भराव पडला आणि घरं उठली. भातशेती आणि जिताडा माशाची तळी करणारा माझा बाप पुनर्वसनातल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला गेला. आई होती तोवर त्या फ्लॅटला घराचा वास तरी होता. ती गेल्यावर मी त्यांना किती वेळा म्हटलं, करंजाड्याला माझ्याकडे या, खोली रिकामी आहे. त्यांचं उत्तर ठरलेलं, "पोरीच्या घरी पावना म्हनून किती दिस रावाचा गो?" पाहुणा व्हायचं नाही, हा त्यांचा हट्ट जुनाच होता. तेव्हा मला तो नुसता म्हातारपणाचा तिरसटपणा वाटायचा.

पाहुणा का व्हायचं नाही, हे कळायला आमच्या गावची पंगत माहीत हवी. लग्न कुणाचंही असो, मांडवाच्या तोंडाशी माझे बाबा उभे. त्यांना कुणी नेमलेलं नव्हतं, पण दुसरं कुणी त्या जागी उभं राहिलं तर लोकांना चुकल्यासारखं व्हायचं. आल्यागेल्याला हात धरून आत न्यायचं, म्हाताऱ्यांना भिंतीकडे टेकायला जागा द्यायची, कोण रुसून मागे उभा आहे ते ओळखायचं, दोन भाऊबंद एकमेकांसमोर बसणार नाहीत हे बघायचं. नियम एकच होता. शेवटची पंगत उठेपर्यंत दारातल्या माणसाने अन्नाला हात लावायचा नाही.

पुढे त्यांना शुगर झाली, इंजेक्शन सुरू झालं, तरी हे चालूच. जेवणाआधी स्वतःच्या हाताने पोटाला टोचून घ्यायचं आणि टोचल्यावर अर्ध्या तासात जेवायचंच, नाहीतर साखर खाली जाते. डॉक्टरांनी मला आणि आईला बसवून सांगितलं होतं की वर गेलेली साखर हळूहळू मारते, खाली गेलेली थांबत नाही. आईने त्यावर आपला उपाय काढला होता. भर मांडवात ती मागून हाक मारायची, "अवो, आत या जरा, भात कच्चा रायलाय बगा." बाबा गंभीर चेहऱ्याने चुलाण्यामागे जायचे, तिथे ती त्यांच्या हातात भाकरीचा तुकडा आणि कालवण कोंबायची. भात शिजलेला आहे हे दोघांनाही माहीत असायचं. बाबा तोंड पुसून पुन्हा दारात येऊन उभे राहायचे आणि उपाशी माणसाचा चेहरा इतका छान करायचे की मला हसू आवरायचं नाही.

तर माझ्या धाकट्या भावाला बंगळुरूला मुलगा झाला. बारशाला बाबांना विमानाने घेऊन ये, असा त्याचा हुकूम आला. मला वाटलं, बाबा नाही म्हणतील. विमानतळाच्या नावाने त्यांनी आजवर कधी बरा शब्द काढला नव्हता. त्यांच्या फ्लॅटच्या गॅलरीतून विमान उतरताना दिसलं की ते पाठ करून बसायचे. पण नातवाचं नाव ऐकायला जायचंय म्हटल्यावर विरघळले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी, नवीन चप्पल. मी डबा करून घेतला, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. तो खरं तर विमानात किंवा भावाकडे पोचल्यावर खायला. दुपारचं जेवण लाउंजमध्ये, हा माझा बेत.

लाउंजचं सांगते. माझ्या बँकेच्या कार्डावर लाउंजमध्ये फुकट जाता येतं. हल्ली कुणाच्या कार्डावर येत नाही? आमच्या सोसायटीत ज्यांना ज्यांना पगार आहे त्या सगळ्यांच्या खिशात हे कार्ड आहे, आणि विमानाला दोन तास आधी निघायचं ते विमानासाठी नव्हे, त्या फुकटच्या डोशासाठी. मी कुणाला हसत नाही, मीही त्यातलीच. ऑफिसच्या कामाला एकदा गेले होते तेव्हा आत निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, गरम जेवण, स्वच्छ बाथरूम, पाय पसरायला सोफा. बाबांना तिथे बसवायचं, त्यांच्या पानात वाढायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ज्या जमिनीने त्यांना उठवलं तिथेच त्यांना मऊ सोफ्यावर बसवायचं, असंही होतं, खोटं कशाला बोलू.

सिक्युरिटी झाली. बाबांनी एका बाकावर बसून घड्याळ बघितलं. जेवायची वेळ झाली की त्यांचा हात आपोआप पिशवीत जायचा. शर्ट वर करून त्यांनी इंजेक्शन टोचलं, सुई डबीत बंद केली आणि म्हणाले, "चल, कुठं जेवाचा ता दाखव." आम्ही कोपऱ्यावरून वळलो आणि मला लाउंज दिसायच्या आधी त्याची रांग दिसली.

रांग कसली, जत्रा होती. ट्रॉलीबॅगा आडव्यातिडव्या, पोरं जमिनीवर, माणसं मोबाइलवर कार्डाचे फोटो काढून दाखवतायत. तिकडे कुठलीतरी विमानं उशिरा होती, त्यामुळे आतले बाहेर यायला तयार नव्हते आणि बाहेरचे आत घुसायला टपलेले. आम्ही रांगेत उभे राहिलो. पुढे पुढे सरकत काउंटरपाशी आलो तेव्हा टोचून झाल्याला बराच वेळ झाला होता आणि मी सारखी घड्याळ बघत होते.

काउंटरवरच्या मुलीने माझं कार्ड लावून बघितलं. "मॅम, तुमी जाऊ शकता. गेस्ट सध्या बंद आहे."

"म्हणजे?"

"रश बघताय ना. एका कार्डावर एकच. गेस्टला एंट्री नाही, पेड पण नाही. रश कमी झाला की कदाचित सोडतील."

"अहो, हे माझे वडील आहेत."

"हो मॅम. म्हणजे गेस्टच ना."

मी म्हटलं, मी बाहेर थांबते, त्यांना आत सोडा. तर कार्ड माझ्या नावाचं, बोर्डिंग पास त्यांच्या नावाचा, जमत नाही. मी म्हटलं, त्यांना शुगर आहे, त्यांना आत्ता जेवायला हवं. ती म्हणाली, "मॅम, इथे सगळ्यांचं काहीतरी आहे." हे ती उर्मटपणे नव्हती म्हणत, दमून म्हणत होती. पण मी भडकले. मॅनेजरला बोलवा, तक्रार करते, हे नियम कुणी केले, सगळं बोलून झालं. मागून लोक ओरडायला लागले की पुढे सरका.

बाबांनी माझा दंड धरला. त्यांनी मला बाजूला घेतलं. "कोन गेस्ट?"

"अहो, ज्याच्याकडे कार्ड नाही तो गेस्ट."

"मंजे पावना?"

"हां, तेच."

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि त्या मुलीकडे वळले. आवाज चढवला नाही. "पोरी, मी पावना नाय. ह्यो आमचा गाव हाय. तू बसलीस ना, थय आमचं भाताचं खलं होतं. ही रांग हाय ना, ही सगली आमचे पावने."

मुलगी एकदम बदलली. हळूच म्हणाली, "काका, मी पन इथलीच, नावड्याची हाय. पन माझ्या हातात नाय काय."

"ऱ्हावदे," बाबा म्हणाले, "तुजा काम कर तू."

मी त्यांना ओढत बाजूच्या बाकाकडे नेऊ लागले. लाउंज गेलं खड्ड्यात, आपल्याकडे डबा आहे, इथेच बसून खा. डबा उघडलासुद्धा. बाबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ते रांगेकडे बघत होते. तिथे एका जाडजूड माणसाचं काउंटरशी जुंपलं होतं. त्याच्यामागे बायको, दोन पोरं आणि आई, आणि हातात कार्ड एकच. तो टेबलावर कार्ड आपटत होता, "प्लॅटिनम है, समझ में आता है? प्लॅटिनम!" त्याची आई भिंतीला हात टेकून कशीबशी उभी होती. तिच्याकडे त्याचंही लक्ष नव्हतं आणि दुसऱ्या कुणाचंही.

"त्या म्हातारीला कोन बगनार?" बाबा म्हणाले. आणि उठले.

पुढचं मी थांबवू शकले नाही. कसं थांबवायचं असतं ते मला आजही माहीत नाही. बाबांनी एका तरुण मुलाला त्याच्या बॅगेवरून उठवलं, ती बॅग भिंतीला लावली आणि म्हातारीला तिच्यावर टेकवलं. प्लॅटिनमवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून आपल्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "साब, घुस्सा नको. सबको मिलेगा. पयले बुढे, फिर पोरंवाले, फिर हम." त्या माणसाने चकित होऊन कार्ड खिशात टाकलं. मग बाबा लाउंजच्या दारात, काचेला लागून, उभे राहिले, पाठ ताठ, हात पुढे. आतून कुणी बाहेर आलं की ते बघायचे किती जागा झाल्या, आणि रांगेतून तेवढी माणसं हात दाखवून पुढे आणायचे. लेकुरवाळीला पुढे आणली, कुबडीवाल्याला आणला. कुणी मध्ये घुसायला लागलं तर त्याच्याकडे बघून नुसतं "अवो दादा" म्हणायचे आणि तो मागे जायचा. टोपी, पांढरा शर्ट, लोकांना वाटलं हा इथलाच कुणीतरी माणूस. थोड्या वेळाने रांग सरळ झाली. काही जण हसले, एकाने व्हिडिओ काढला. मला क्षणभर अभिमान वाटला. हे लिहायची लाज वाटते, पण वाटला.

मी जाऊन त्यांच्या हातात बिस्किट दिलं. त्यांनी ते शेजारच्या पोराला दिलं. दुसरं दिलं, तेही दिलं. मी कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "बाबा, इंजेक्शन घेतलंय. जेवायला हवं."

"सगल्यांचा होवदे."

"हे लग्न नाही बाबा!"

"मना दिसतंय ना गो काय हाय ता."

तेवढ्यात मॅनेजर आला. बाहेर शांतता का झाली हे बघायला आला असावा. मुलीने त्याला काहीतरी सांगितलं, तो बाबांकडे बघून हसला आणि माझ्यापाशी आला. "मॅडम, अंकलना आत घेऊन जा. माझ्या जबाबदारीवर." मी त्याला नमस्कारच केला. एवढा वेळ ज्याच्यापायी मी घसा कोरडा केला होता तो नियम एका माणसाच्या हसण्यावर वाकला. मी धावत बाबांपाशी गेले. चला, सोडलं आत, जेवायला चला.

बाबांनी रांग बघितली. "ही पंगत उठंदे."

पंगत उठली. म्हणजे काही लोक बाहेर आले, काही आत गेले. रांगेच्या शेपटीला नवे लोक आले. बाबा थांबले. पुन्हा काही उठले, पुन्हा नवे आले. मग त्यांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "पोरी, शेवटची पंगत कवा?"

ती हसली. "काका, शेवटची नसते. आमचं बंदच होत नाय."

ते बाबांना पटलं नाही. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. जेवण म्हटलं की शेवटची पंगत असणारच, नाहीतर दारातला माणूस जेवणार कधी? त्यांनी मान हलवली, पोर लहान आहे, तिला काय कळतंय अशी, आणि पुन्हा दाराकडे वळले.

त्यांच्या मानेवर घाम होता. एसी असा की मी पदर ओढून घेतला होता, आणि त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी हात धरला तर हात थरथरत होता. मी चिडले, रडकुंडीला आले, ओरडले. लोक बघायला लागले. बाबा माझा हात झटकून म्हणाले, "पावन्यांसमोर नको गो." साखर उतरली की माणूस हट्टी होतो, त्याला समजवता येत नाही, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पण माझा बाप जन्माचाच हट्टी. त्यातला कुठला हट्ट त्यांचा आणि कुठला साखरेचा, हे मी कशावरून ओळखायचं होतं?

मग मला आईची युक्ती आठवली. मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, त्यांना सांग, आत भात कच्चा राहिलाय, तुम्हाला बोलावलंय. तिला काही कळलं नाही, पण तिने सांगितलं. बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. हसले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, "ती गेली गो." आणि हलले नाहीत.

आता गोड काहीतरी त्यांच्या तोंडात जबरदस्तीने घालायचं, एवढंच माझ्यापुढे उरलं. मी कार्ड दाखवून आत गेले. आतली अवस्था काय सांगू. सोफ्यांवर माणसं, सोफ्यांच्या हातांवर माणसं, चार्जिंगच्या सॉकेटखाली जमिनीवर फतकल मारून बसलेली माणसं. एका बाईने पर्स, जॅकेट आणि टोपी ठेवून तीन खुर्च्या अडवल्या होत्या, तिची माणसं अजून बाहेर रांगेतच होती. भाताचं भांडं खरवडलेलं, खरकट्या ताटांचा ढीग, आणि जिलेबीच्या परातीपाशी धक्काबुक्की. मी कोपराने वाट काढली. आजवर कुणाला कोपर मारलं नव्हतं. कागदी रुमालात जिलेब्या आणि ग्लासभर रस घेऊन दाराकडे वळले तर गार्डने हात आडवा केला.

"मॅडम, खाना बाहर नहीं ले जा सकते."

"माझे वडील बाहेर उभे आहेत. काचेतून दिसतायत बघा. त्यांना शुगर आहे."

तो माझ्या हाताकडे बघून चक्रावला. "शुगर है, और आप जिलेबी दे रही हो?"

देवा. मी त्याला सांगायला लागले. शुगर आहे म्हणजे तशी नाही, आत्ता शुगर कमी झालीय, म्हणून गोड द्यायचंय. मी मराठी, तो हिंदी, मी घाबरलेली, आणि शब्द एकच. त्याच्या गावी, माझ्या गावी, सगळीकडे 'शुगर आहे' म्हणजे गोड बंद. तो म्हातारा माणूस होता, वाईट नव्हता. मला समजावत होता, "बहनजी, मेरे पिताजी को भी था. मीठा मत दो." मी त्याला ढकललं. रस त्याच्या अंगावर सांडला. आणि काचेतून मी बघितलं की दारातला पांढरा शर्ट दिसत नाहीये.

बाबा जमिनीवर होते, टोपी बाजूला. रांग त्यांना वळसा घालून थोडी वाकडी झाली होती. सगळेच निर्दयी नव्हते. कुणी पाणी आणलं, तो कुबडीवाला खाली बसून त्यांचे पाय चोळत होता. पण मागच्यांना पुढे काय झालंय ते दिसत नव्हतं, ते आपले विचारत होते, एंट्री बंद झाली का? मी जिलेबी त्यांच्या हिरड्यांना चोळली. तोंड घट्ट मिटलेलं. नावड्याची मुलगी काउंटर सोडून धावत आली, साखरेच्या पुड्या मूठभर घेऊन. तिने नियम मोडला हे लिहून ठेवते, कारण तिला त्याबद्दल नंतर बोलणी बसली असणार. विमानतळावरचे डॉक्टर आले, शिरेतून ग्लुकोज दिलं. डोळे उघडले नाहीत. अँब्युलन्समधून पनवेलला नेताना त्याच रस्त्याने गेलो जिथून आलो होतो. विमान आमच्याशिवाय गेलं.

बंगळुरूला बाळाच्या कानात नाव सांगितलं गेलं. भावाने फोनवर विचारलं, बाबांना ऐकवू का? मी म्हटलं, ऐकव. फोन त्यांच्या कानाला लावला. आयसीयूमधली नर्स माझ्याकडे बघत राहिली.

डॉक्टर भला माणूस होता, आडपडदा न ठेवता बोलला. मेंदूला बराच वेळ साखर मिळाली नाही, उभे होते तेव्हापासूनच कमी होत गेली असणार, सोबत बारीकसा झटकाही येऊन गेला असेल. जीव वाचला. बाकीचं किती परत येईल ते सांगता येत नाही. मी त्याला विचारलं, थोडं आधी काही पोटात गेलं असतं तर? त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ते आता विचारू नका." त्याचा अर्थ मला कळला.

बाबा आता माझ्याकडे असतात, करंजाड्याला. चालतात, अंघोळ स्वतः करतात, खिडकीत बसतात. विमान गेलं तर मान वर करून बघतात, पाठ करत नाहीत, ते कुठल्या जमिनीवर उतरतं ते त्यांना आता माहीत नाही. हे घर त्यांना आपलं वाटतं, गावातलं. मी मात्र त्यांना ओळखू येत नाही. सकाळी मी खोलीत गेले की ते उठून उभे राहतात, माझा हात धरून मला भिंतीकडच्या खुर्चीवर बसवतात आणि म्हणतात, "बसा. लांबशी आलाव?" माझ्या बापाने मला आयुष्यात कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. गो, पोरी, कारटे, रागावले तर याहून वाईट. ते सगळं गेलं. माझ्याच घरात माझा बाप माझ्याशी आदराने बोलतो, आणि मला तो आदर ऐकवत नाही.

इंजेक्शन अजून आहे. आता मी टोचते, आणि टोचलं की मी घड्याळ बघत राहते. ताट समोर ठेवते. ते ताटाकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात.

"तुमी जेवलाव का?"

"जेवले."

"पोटभर?"

सुरुवातीला मी म्हणायचे, "पोटभर जेवले, बाबा." त्या शब्दाने ते गोंधळायचे. आलेला पाहुणा आपल्याला बाबा का म्हणतो, हे त्यांना उमगायचं नाही, मग ते विचार करत बसायचे, घास हातात तसाच राहायचा आणि इकडे वेळ चालली असायची. एकदा हात थरथरायला लागला तेव्हा मी ठरवलं. आता मी त्यांना बाबा म्हणत नाही. "पोटभर जेवले, काका," म्हणते. मग ते जेवतात.